बंद घरातल्या कांजिण्या

वाऱ्यानं दार आपटलं आणि त्यामागून एक बाई आत आली. तिनं नाव सांगितलं नाही, नमस्कार केला नाही. तिची नजर आधी कोपऱ्यातल्या बेसिनकडे गेली.

"साबण आहे?"

"आहे. धुवा," टेबलामागून उर्कुया म्हणाली.

बाईनं हात धुतले. मनगटापर्यंत, नखांच्या खाली, अंगठे वेगळे घासून. शेगडीपाशी उकडलेलं अंडं सोलत बसलेला तेमिर तिच्याकडे बघतच राहिला.

"डॉक्टर दिसतायत," तो कुजबुजला.

"डॉक्टर इतके धुवत नाहीत," उर्कुया म्हणाली. "ही आई आहे. हिचं मूल आजारी आहे, आणि तेही आजकालपासून नाही."

बाई गर्रकन वळली. ओल्या हातांनीच तिनं खुर्ची ओढली, पण बसली नाही.

उर्कुया जुमाबायेवा पूर्वी सरकारी आरोग्य खात्यात होती. साथ कुठून सुरू झाली, कुणाच्या विहिरीतून, कुणाच्या लग्नाच्या मटणातून, हे हुडकून काढणं तिचं काम. खात्यानं सरोवराकाठच्या बालिकची गावातलं ते कार्यालय बंद केलं, पण तिची हुडकायची खोड काही गेली नाही. आता ती पळालेले नवरे आणि पळवलेल्या घोड्या शोधायची. तेमिर आधी वाहतूक पोलिसात होता. तो तिची गाडी चालवायचा आणि स्वतःला तिचा सहायक म्हणवायचा.

"माझं नाव बेगिमाय," बाई म्हणाली, आणि थोरल्या बहिणीला मारावी तशी हाक मारली. "एजे, माझ्या मुलीला कांजिण्या झाल्यात."

तेमिर हसला. "मग? माझ्या तिन्ही भाच्यांना झाल्या. आठवडाभर शाळेला सुट्टी, सगळी मजा."

"तेमिर," उर्कुया म्हणाली, "अंडं खा."

बेगिमायनं खिडकीबाहेर पाहिलं, मग दाराकडे, मग हातातल्या फोनकडे. "आकमूर आठ वर्षांची आहे. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. माझ्या नवऱ्यानं, एरमेकनं, त्याची एक दिली. इस्तंबूलला ऑपरेशन झालं. वसंतात घरी आलो."

"आणि आता ती रोज गोळ्या घेते. शरीरानं ती किडनी परकी म्हणून मारू नये यासाठी."

"हो. पण त्या गोळ्या शरीराची सगळी लढायची ताकदच झोपवून ठेवतात. म्हणून आम्ही घर बंद केलं. शाळा नाही, पाहुणे नाहीत, बाजार नाही. बाई शिकवायला येतात, त्याही व्हरांड्यात बसतात. मध्ये काचेची खिडकी बंद. आणि तरी चार दिवसांपूर्वी तिच्या पोटावर फोड आले."

"आता कुठे आहे?"

"बिश्केकला, राजधानीतल्या दवाखान्यात, वेगळ्या खोलीत. फुफ्फुसात उतरलंय. लिव्हरचे आकडे चढतायत." तिनं फोन या हातातून त्या हातात घेतला. "विषाणूवरचं औषध सलाईनमधून चालू आहे. शरीरानं त्याच्याशी लढावं म्हणून त्या दुसऱ्या गोळ्या निम्म्या केल्यात. पण शरीर एकदा जागं झालं की ते किडनीवरही उठेल ना? आधी विषाणू मरतो की किडनी, एवढंच बघत बसायचं."

"लस दिली नव्हती?"

"ऑपरेशनच्या आधी द्यायला हवी होती. घाईत राहून गेली. आता तिला ती लस चालत नाही."

उर्कुयानं मान हलवली. "मग माझ्याकडे का? तुम्ही तिच्याजवळ असायला हवं."

"तेच तर!" बेगिमायनं फोन टेबलावर आपटल्यासारखा ठेवला. "मला येऊ देत नाहीत. सासूबाई म्हणतात, मी आणलं. मी एकच दिवस घराबाहेर पडले होते, फोड यायच्या दोन आठवडे आधी. बिश्केकला तिच्या गोळ्या आणायला. परत येताना माझ्या जुन्या बालवाडीच्या फाटकाशी थांबले. मी तिथं शिकवायचे, कपाटाची किल्ली द्यायची राहिली होती. आत पाऊलही टाकलं नाही. नंतर कळलं, तिथं कांजिण्यांची साथ होती. डॉक्टर म्हणतात, कुठून आलं ते कळल्याशिवाय तिला त्या घरात परत पाठवणार नाही. आणि एरमेक म्हणतो, कळेपर्यंत तू वॉर्डात पाय ठेवायचा नाहीस."

"मुलगी काय म्हणते?"

"ती माझ्याशी फोनवरही बोलत नाही. मान फिरवते म्हणे." आता बेगिमाय खुर्चीत बसली. "आठ वर्षांची मुलगी, एजे. आईशी बोलत नाही."

"तुम्हाला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या?"

"हो. हा वण."

"मग तुम्ही नाही. ज्याला होऊन गेल्यात, तो नुसता फाटकाशी उभा राहून त्या घरी आणत नाही. लागण व्हायला फोड आलेल्या माणसाचा श्वास लागतो, नाहीतर ताज्या फोडाचं पाणी." उर्कुयानं कोट उचलला. "चला. घर दाखवा."

*

सरोवरावरून येणारा वारा गाडी रस्त्यावरून ढकलत होता. बेगिमाय मागच्या सीटवर एकदा या खिडकीशी, एकदा त्या खिडकीशी सरकत होती. शांतता सहन होईना म्हणून तेमिर बोलू लागला.

"आमच्याही घरी रोज भांडण आहे, एजे. मुलगी महिन्याची झाली ना. आईनं माझ्या आजोबांच्या सदऱ्याचं झबलं शिवलं तिला. आजोबा पंच्याऐंशीचे. त्यांचं आयुष्य बाळाला लागावं म्हणून."

"सगळेच शिवतात."

"हो, पण माझी बायको म्हणते, आधी उकळा. आई म्हणते, उकळलं तर आयुष्य धुऊन जाईल. म्हाताऱ्याच्या अंगातून निघालं की ऊब जायच्या आत बाळाच्या अंगात गेलं पाहिजे. शिवणसुद्धा बाहेरच्या बाजूला, बाळाला टोचू नये म्हणून. मी आपला दोघींच्या मध्ये. आता चाळीस दिवस झाले की सुटका. मग कुत्र्याची चंगळ..."

"समोर बघ," उर्कुया म्हणाली. एक मेंढी रस्त्यात उभी होती.

तेमिरनं ब्रेक दाबला. "मला एक कळत नाही. पोरगी घरात कोंडलेली. मग आधी कुणीतरी फोड आलेलं मूल घरात यायलाच हवं ना? ते मूल शोधलं की झालं."

"कांजिण्या एकदा झाल्या की त्या आपल्याला सोडून जात नाहीत, तेमिर. अंगात झोपून राहतात. जन्मभर."

"म्हणजे?"

"म्हणजे तू मूल शोध. मी झोपलेलं शोधते."

तेमिरला काही कळलं नाही. हे रोजचंच होतं.

*

फाटकात उलकान उभी होती. बेगिमायची सासू; वडीलधारी म्हणून सगळे तिला 'अपा' म्हणत. पांढरा रुमाल घट्ट बांधलेला, कमरेवर हात. पायाशी क्लोरीनच्या पाण्याचं घमेलं.

"हात," ती म्हणाली.

उर्कुयानं हात बुडवले. तेमिरनं बोटांची टोकं बुडवली.

"मनगटापर्यंत, जावईबापू. इथं रस्त्यात लाच घेत नाहीत, हात धुतात."

तेमिर लाल झाला. त्याचे वाहतूक पोलिसातले दिवस गाव विसरलं नव्हतं. बेगिमायनं कोपऱ्यातली सुरई उचलली आणि दोघांच्या हातांवर साधं पाणी घातलं. मग सासूच्या हातांवरही घातलं, खाली मान घालून. उलकाननं तिच्याकडे पाहिलंही नाही. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं टोकाला हिरवी होती. पाणी घातल्यावरही हिरवीच राहिली.

अंगणातला पिवळट कुत्रा धावत आला. त्याच्या गळ्यात मळकी चिंधी गाठ मारून बांधली होती. तेमिरनं त्याचे कान खाजवले. "याला चांगला पट्टा तरी घ्या की, अपा."

"कुत्र्याला पट्टे घ्यायला आम्ही बिश्केकची माणसं आहोत का? आत चला. भाकरी मोडा."

सगळ्यांनी भाकरीचा तुकडा तोडला. चहा आला. उलकाननं प्रश्नाची वाट पाहिली नाही.

"त्या पोरीत माझ्या मुलाच्या पोटातलं मांस आहे," ती म्हणाली. "मी या दारातून माशी आत येऊ दिली नाही. गॅसवाल्याला सिलिंडर फाटकाबाहेर ठेवायला लावला. माझा सख्खा भाऊ आला होता, त्याला कुंपणावरून चहा दिला. आणि ही? ही बालवाडीत जाऊन येते."

"अपा, फाटकाशी..."

"तू गप बस."

"ती बिश्केकला गेली त्या दिवशी मुलीजवळ कोण होतं?" उर्कुयानं विचारलं.

"मी. पूर्ण दिवस. कुणी आलं नाही. कुराणावर हात ठेवून सांगते."

"आणि घरात कुणी आजारी?"

"कुणी नाही. शिंकसुद्धा नाही." उलकाननं उर्कुयाची नजर आपल्या बोटांवर गेलेली पाहिली. "हे? झेल्योन्का. हिरवं औषध. आमच्या म्हाताऱ्या सासूबाई, मागच्या खोलीत असतात. कंबर धरली होती म्हणून मिठाची पिशवी तापवून बांधली, तर जरा जास्त तापली. कातडी भाजली बिचारीची. रोज लावते. त्या खोलीतून त्या उठत नाहीत. आणि पोरीला मी तिकडे जाऊ दिलं नाही."

बाहेर पत्र्याचं काहीतरी वाऱ्यानं गडगडत गेलं. बेगिमाय दचकून उठली आणि पुन्हा बसली.

*

अंगणाच्या पलीकडच्या खोल्यांत धाकटी सून झामिरा राहत होती. तिची चार वर्षांची आयझा दारात बसून गुडघ्यावरची खपली कुरतडत होती. गुडघा गर्द हिरवा.

तेमिरनं उर्कुयाला कोपरानं ढोसलं. डोळ्यांनी म्हणाला, सापडलं.

"मला माहीत होतं," झामिरा म्हणाली. "शेवटी माझ्यावरच येणार. माझी मुलगी त्याच बालवाडीत जाते ना!"

"जाते?" बेगिमायचा आवाज चढला. "तू तर म्हणालीस, बंद केली!"

"कुठं ठेवू मग? मी कामाला जाते वहिनी, तुझ्यासारखी दिवसभर साबण घेऊन बसत नाही. पण तिला मी अंगण ओलांडू दिलं नाही. एकदाही नाही."

बेगिमाय तिच्याकडे एक पाऊल सरकली. ती काही बोलली असती, पण उर्कुया आयझासमोर उकिडवी बसली होती.

"गुडघ्याला काय झालं?"

"पडले. कुत्र्याच्या मागे."

"कशाला पळत होतीस कुत्र्याच्या मागे?"

"त्यानं मला टॉफी दिली."

तेमिर मोठ्यानं हसला. "आमच्या गल्लीतला कुत्रा नुसता चावतो. त्याला इकडे शिकायला पाठवतो."

"खरंच दिली!" आयझा चिडली. "तीन दिली. मी पकडलं त्याला."

"ती खपली काढू नको, पुन्हा पडलीस की नवीन होईल," उर्कुया म्हणाली. मुलीच्या कपाळावर, भुवईपाशी, एक बारीक खळगा होता. तिनं त्यावर बोट ठेवलं. "हे कधीचं?"

"गेल्या वर्षीच्या कांजिण्यांचं," झामिरा म्हणाली. "विचारा वहिनीलाच. आकमूर तेव्हा दवाखान्यात होती आणि वहिनी रात्रंदिवस तिच्याजवळ, म्हणून बरं. माझी एकटीची झोप उडाली होती."

बेगिमायनं मान डोलावली. तिचा राग जागच्या जागी विरला. ज्या मुलीला आधीच होऊन गेल्या, तिच्याकडून आता त्या आल्या नव्हत्या.

"म्हणजे हीही नाही," तेमिर पुटपुटला. "मग उरलं कोण?"

*

आकमूरला शिकवणाऱ्या लारिसा पेत्रोव्हना शेजारीच राहायच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या. कुंपणाशी उभ्या राहून त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्म्याच्या काचा पुसत.

"मी काचेपलीकडे पाटी धरते, ती काचेअलीकडे. गुणाकार आम्ही असेच केले. माझा श्वास तिच्यापर्यंत गेला असेल तर तो काचेतून गेला असेल."

"बेगिमाय गावाला गेली त्या दिवशीही आलात?"

"आले. त्या दिवशी आकमूरचं लक्षच नव्हतं. घरात बोरसोक तळल्याचा वास, सणावाराला तळतात ते पिठाचे गोळे. मी म्हटलं, कुणाचा वाढदिवस आहे का? ती हसली. आणि सारखी गळ्याशी ओढाताण. स्वेटरखालून पांढरं काहीतरी दिसत होतं, शिवण वरच्या बाजूला. मी पाटीवर लिहिलं, 'आतला कपडा उलटा घातलायस.' तर तिनं ओठावर बोट ठेवलं." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मुलांची गुपितं असतात. मी विचारलं नाही."

उर्कुया घराकडे वळली. मग म्हणाली, "मला मागच्या खोलीत न्या."

*

थोरल्या आजी, उलकानच्या सासू शारिपा, नव्वदी ओलांडलेल्या होत्या. उजव्या कुशीवर झोपलेल्या, डाव्या बाजूवरून रजईसुद्धा बाजूला सारलेली. तेमिरला दाराबाहेर उभं करून उर्कुया आत बसली. बेगिमाय भिंतीला टेकून उभी राहिली.

"कंबर कशी आहे, आजी?"

"आता बरी. आधी नुसती आग होती बाळ. कुणी निखारा धरलाय असं वाटायचं. तीन रात्री झोप नाही. मग सूनबाईनं मीठ तापवून बांधलं. दुसऱ्या दिवशी फोड आले."

"पिशवी कुठं बांधली होती?"

"इथं. पाठीवर, मधोमध."

"बघू?"

म्हातारीनं अंगातला सदरा वर केला. डाव्या बाजूला, पाठीपासून पोटाकडे जाणारा, तळहाताएवढ्या रुंदीचा पट्टा होता. वाळलेल्या खपल्यांचा, हिरव्या रंगानं माखलेला. मणक्यापाशी तो पट्टा थांबला होता. मणक्याच्या उजव्या बाजूला कातडी स्वच्छ होती.

"सदरा नवा दिसतो."

"जुना सूनबाईनं नेला. चांगल्या कामाला नेला." म्हातारी हसली. तोंडात दोन दात होते. "माझ्या अंगातून काढून नेला."

"लहानपणी तुम्हाला कांजिण्या झाल्या होत्या का?"

"सगळ्यांना झाल्या. युद्धातला हिवाळा होता. आम्ही सात पोरं एका रजईखाली. दोघं गेली. मी राहिले."

उर्कुयानं सदरा खाली केला, रजई नीट केली आणि म्हातारीचा हात क्षणभर हातात धरला. बाहेर येऊन तिनं तेमिरला सांगितलं, "कुत्र्याला पकड."

"चावेल?"

"टॉफी देईल."

*

सगळे मोठ्या खोलीत बसले. लारिसा पेत्रोव्हनाही आल्या होत्या, हात मनगटापर्यंत धुऊन. झामिरा दारात. तेमिरच्या मुठीत कुत्र्याच्या गळ्यातली चिंधी.

"या घरात कोणी आलं नाही," उर्कुया म्हणाली. "उलकान अपा खरं सांगतायत. सगळेच खरं सांगतायत. म्हणूनच अडलं होतं. प्रत्येक जण आजारी मूल शोधत होता, आणि या घरात आजारी मूल नव्हतंच."

"मग?" उलकाननं विचारलं.

"आजी, शारिपा आजी. त्यांची कंबर आधी पेटली. तीन रात्री. मीठ नंतर बांधलं, फोड त्याच्याही नंतर आले. तुम्हाला वाटलं, मिठानं भाजलं. भाजलं असतं तर पिशवी जिथं बांधली तिथं भाजलं असतं, मधोमध, दोन्ही बाजूंना. पण फोड फक्त डावीकडे आहेत. मणक्यापाशी येऊन रेघ मारल्यासारखे थांबलेत. ते भाजणं नाही. ती नागीण आहे."

"नागीण म्हणजे कांजिण्या नव्हेत," तेमिर म्हणाला.

"विषाणू एकच. युद्धातल्या त्या हिवाळ्यात तो आजींच्या अंगात शिरला आणि पाठीच्या नसांत झोपून राहिला. म्हातारपणी शरीर थकलं, तसा तो एका नसेवरून खाली उतरला. म्हणून एकाच बाजूला पट्टा. पण त्या फोडांचं पाणी अशा मुलीला लागलं, जिला कधी कांजिण्या झाल्या नाहीत, तर तिला नागीण होत नाही. कांजिण्या होतात."

"पण पोरगी त्या खोलीत गेलीच नाही!" उलकान ओरडली. "मी जाऊ दिली नाही!"

"नाही गेली. खोलीतलं तिच्याकडे आलं." उर्कुयानं तेमिरच्या हातातली चिंधी घेतली आणि जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर ठेवली. "तेमिर, नवजात बाळाला काय घालतात?"

"झबलं. म्हाताऱ्या माणसाच्या अंगातल्या सदऱ्याचं. धुवायचं नाही, ऊब जायच्या आत..." तेमिर थांबला. त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"शिवण कुठल्या बाजूला?"

"बाहेर."

लारिसा पेत्रोव्हनांनी हळूच तोंडावर हात ठेवला.

"आणि काम झालं की?"

"की... त्यात खाऊ बांधून कुत्र्याच्या गळ्यात. पोरं मागे पळतात. जो पकडेल त्याचा खाऊ."

"टॉफी," झामिरा पुटपुटली. तिनं दारातून अंगणाकडे पाहिलं, जिथं आयझा उकिडवी बसून कुत्र्याशी बोलत होती.

उर्कुयानं गाठ सोडली. चिंधी म्हणजे कापलेल्या बाह्यांचा सदरा होता, मळून राखाडी झालेला. डावीकडे, कापडाच्या आरपार उतरलेले फिकट हिरवे डाग एका ओळीत होते.

"नव्वदी ओलांडलेल्या बाईचं आयुष्य ऑपरेशननंतर जणू दुसऱ्यांदा जन्मलेल्या पणतीला लागावं. कुणालाही हेच सुचलं असतं. बेगिमाय असती तर तिनं उकळायला घेतलं असतं, म्हणून ती नसलेला दिवस निवडला. सकाळी आजींच्या अंगातून काढलं, बाह्या कापल्या, ऊब होती तोवर मुलीला घातलं. बोरसोक तळले. चाळीस दिवस थांबायला सवड नव्हती, म्हणून बेगिमाय यायच्या आत संध्याकाळीच कुत्र्याच्या गळ्यात. अपा, मी कुठं चुकले?"

उलकान त्या सदऱ्याकडे बघत होती. तिनं हात पुढे केला आणि मागे घेतला.

"ओलसर होता," ती म्हणाली. "पाठीशी जरा ओलसर होता. मला वाटलं, औषध अजून वाळलं नाही." तिनं डोक्यावरचा रुमाल सैल केला, पुन्हा घट्ट केला. "मी गॅसवाल्याला बाहेर ठेवलं. सख्ख्या भावाला बाहेर ठेवलं. आणि माझ्या हातानं, माझ्या हातानं तिला..."

खिडकीची काच वाऱ्यानं थरथरत होती.

बेगिमाय उभी होती. चार दिवस जे ऐकून घेतलं ते सगळं परत करायची हीच वेळ होती. झामिरानं मान खाली घातली. वाटच बघत होती ती.

"अपा," बेगिमाय म्हणाली, "फोन करा. तुम्हीच करा. माझं तो ऐकणार नाही."

उलकाननं फोन लावला. हिरवी बोटं दोनदा चुकली.

"एरमेक. तुझ्या बायकोला बोलाव. मी आणलं रे ते. मी. डॉक्टरांना सांग, सापडलं. घरातच होतं." मग बराच वेळ ती नुसती ऐकत राहिली. "आकडे?... उतरले नाहीत?... बरं. बरं. दे आकमूरला."

तिनं फोन बेगिमायच्या हातात दिला.

"आकमूर?"

पलीकडे यंत्राचा बीप बीप आवाज. मग खोकला. मग बारीक, सावध आवाज आला.

"आई, मी ते झबलं घातलं म्हणून तू येत नाहीस ना? मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तुला कसं कळलं?"

बेगिमाय खाली बसली, जमिनीवरच. "नाही गं. नाही माझ्या सोन्या. मी निघाले. बघ, निघालेच."

"फोनवर बोलले तर तोंडातून निघून जाईल म्हणून मी बोलतच नव्हते."

"आता बोल. गाडीत बसेपर्यंत बोल. थांबू नको."

तेमिर केव्हाच बाहेर पळाला होता. एका हातानं गाडीचं दार उघडत होता, दुसऱ्या हातात त्याचाही फोन. "काय म्हणतेस? पहिल्याच दिवशी उकळलंस? आईला न सांगता? अगं, तुझे पाय धरतो मी, घरी आल्यावर धरतो!"

फाटकापाशी बेगिमाय सवयीनं थांबली. फोन कानाशी आणि खांद्याशी धरून तिनं घमेल्यात हात बुडवले. मनगटापर्यंत, नखांच्या खाली, अंगठे वेगळे. मग सुरईकडे वळली.

सुरई उलकानच्या हातात होती.

या घरात सासूनं सुनेच्या हातावर कधी पाणी घातलं नव्हतं. कुठल्याच घरात घालत नाहीत. उलकाननं घातलं, बेतानं, शेवटच्या थेंबापर्यंत. वाऱ्यानं धार वाकडी होत होती, म्हणून ती आणखी जवळ सरकली.

"जा," ती म्हणाली. "पळ."